पँथर : कॉमिकमधला राजा आणि रस्त्यावरची पोरं

'ब्लॅक पँथर' सिनेमा आपल्या पोरांनी डोक्यावर घेतला यात नवल नाही. छातीवर दोन्ही हात आडवे धरून 'वकांडा'ची सलामी देणारी पोरं मी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतही पाहिली आहेत, निळ्या झेंड्याखाली. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्यांना पडद्यावर आपला माणूस दिसत नाही, ते जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस आपला मानतात. पण त्यातल्याच काही मित्रांशी बोलताना एक समज पुन्हा पुन्हा पुढे आला. आपल्या दलित पँथरचं नाव या कॉमिकमधल्या नायकावरून घेतलं, असं त्यांना खरोखर वाटतं. एकाने तर ठासून सांगितलं की नामदेव ढसाळांनी मार्व्हलचं कॉमिक वाचलं असणार. ढसाळ काहीही वाचू शकत होते, त्याबद्दल वाद नाही. पण नावाचा इतिहास तो नाही.

म्हणून गेल्या काही दिवसांत मी पँथरची जुनी-नवी कॉमिक्स वाचून काढली, दोन सिनेमे पुन्हा पाहिले आणि आपल्याकडच्या चित्रकथाही काढून बसलो. जे आवडलं ते आवडलं म्हणून सांगतो, नाही आवडलं तेही सांगतो. फॅन असणं वेगळं आणि भक्त असणं वेगळं. राजकारणातली भक्ती माणसाला कुठे नेते, ते बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगून ठेवलं आहे. ते कॉमिकलाही लागू करायला हरकत नाही.

तर आधी काळाचा क्रम नीट लावू.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात लाउंड्स नावाचा परगणा आहे. १९६५ च्या सुरुवातीला तिथे दर पाच माणसांत चार माणसं कृष्णवर्णीय होती, आणि मतदार यादीत मात्र त्यांची नावं जवळजवळ नव्हतीच. नाव नोंदवायला जाणाऱ्याची नोकरी जायची, जमीन जायची, कधी जीवही जायचा. गावकुसाबाहेरचा हा हिशोब आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तिथे स्टोकली कारमायकेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्थानिक लोकांना सोबत घेऊन स्वतंत्र पक्ष उभा केला. अलाबामात मतपत्रिकेवर पक्षाचं चित्र छापावं लागे, कारण लिहिता-वाचता न येणारे मतदार खूप. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चित्र होतं पांढरा कोंबडा, आणि त्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. त्याच्यासमोर या लोकांनी झेप घेणारा काळा बिबळ्या ठेवला. चित्र घेतलं अटलांटातल्या क्लार्क कॉलेजच्या बोधचिन्हावरून.

म्हणजे पँथर सगळ्यात आधी आला तो निवडणूक चिन्ह म्हणून. आपल्याला हे लगेच कळतं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत याच कारणाने मतपेटीपर्यंत पोहोचला होता. अक्षर न येणाऱ्या आजीने हत्ती ओळखला, तसाच लाउंड्समधल्या शेतमजुराने पँथर ओळखला. सुपरहिरोचा यात कुठेच संबंध नाही.

त्याच सुमाराला, १९६६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी हे दोघे 'फँटास्टिक फोर' या मालिकेसाठी नवा नायक घडवत होते. सुरुवातीला त्याचं नाव 'कोल टायगर' ठरलं होतं, नंतर ते 'ब्लॅक पँथर' झालं. जुलै १९६६ च्या बावन्नाव्या अंकात तो आला. अमेरिकेच्या मोठ्या कॉमिक कंपन्यांनी काढलेला हा पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरो. मुखपृष्ठाच्या पहिल्या चित्रात त्याचा मुखवटा अर्धाच होता, चेहऱ्याची काळी कातडी दिसत होती. छापताना मुखवटा पूर्ण झाला आणि चेहरा झाकला गेला. का झाकला याची कारणं अभ्यासक वेगवेगळी देतात. मला मात्र त्यात त्या काळचं सगळं राजकारण दिसतं. काळा नायक हवा, पण दुकानात मांडलेल्या अंकावर त्याचा काळा चेहरा नको.

आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. नाव आणि चिन्ह त्यांनी लाउंड्सच्या लोकांकडून घेतलं. कॉमिक आणि पक्ष एकाच वर्षाचे, पण एकमेकांचे कुणी नाहीत. दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतलं ते ओकलंडच्या पँथर्सकडून, आणि १९७३ च्या जाहीरनाम्यातही त्यांचा उल्लेख आहे. म्हणजे वंशावळ अशी : लाउंड्सची मतपत्रिका, ओकलंडचा रस्ता, मुंबईची चाळ. कॉमिकचं दुकान या वाटेवर लागतच नाही.

आता या क्रमातली मला सगळ्यात जास्त रुतलेली गोष्ट सांगतो. फेब्रुवारी १९७२ च्या 'फँटास्टिक फोर'च्या ११९ व्या अंकात मार्व्हलने आपल्या नायकाचं नाव बदललं. तो झाला 'ब्लॅक लेपर्ड'. कारण अंकातच दिलं आहे. तो म्हणतो की अमेरिकेत पँथर या नावाला राजकीय अर्थ चिकटला आहे. ते नाव घेणाऱ्यांचा मी निषेधही करत नाही आणि त्यांना पाठिंबाही देत नाही. गंमत अशी की ही कथा घडते वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर बेतलेल्या एका काल्पनिक देशात. गोऱ्यांसाठी वेगळा दरवाजा, काळ्यांसाठी वेगळा, आणि त्या दरवाजावर हल्ला. कथा अन्यायाविरुद्ध, आणि त्याच कथेत नायक लढणाऱ्यांच्या नावापासून अंग काढून घेतो! पुढे थोड्याच काळात जुनं नाव परत आलं, पण तो अंक छापलेला आहे.

त्याच वर्षी मुंबईत काय चाललं होतं? एलियापेरुमल समितीचा अहवाल येऊन गेला होता. अस्पृश्यांवरच्या अत्याचारांची सरकारी नोंदच त्यात होती. पुणे जिल्ह्यात बावड्याला संपूर्ण वस्तीवर बहिष्कार, परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला दलित स्त्रियांची विटंबना. रिपब्लिकन पक्षाचे गट एकमेकांशी भांडण्यात गुंतलेले. आणि वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाच्या आसपास फिरणारी, लिहिणारी, वाचणारी, बेकार असलेली किंवा लहानसहान नोकरी करणारी पोरं : नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे आणि आणखी कितीतरी. त्यांनी ठरवून तेच नाव उचललं जे न्यूयॉर्कच्या कंपनीला नको झालं होतं. ज्या नावाला राजकीय अर्थ आहे म्हणून एकाने ते टाकलं, त्याच कारणासाठी दुसऱ्याने ते घेतलं. १५ ऑगस्ट १९७२ ला 'साधना'च्या अंकात राजा ढालेंचा काळ्या स्वातंत्र्यदिनाचा लेख आला आणि महाराष्ट्र हादरला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला शिक्षा किती आणि दलित स्त्रीच्या अब्रूला हात घातला तर शिक्षा किती, हा त्यांचा सवाल साधा गणिताचा होता. त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, म्हणून सगळे भाषेवर घसरले.

कॉमिकबद्दल मी एकतर्फी बोलत नाही. सप्टेंबर १९७३ पासून 'जंगल ॲक्शन' या मासिकात डॉन मॅकग्रेगरने लिहिलेली 'पँथर्स रेज' ही दीर्घ कथा वाचा. आधी त्या मासिकात जंगलात फिरणाऱ्या गोऱ्या नायकांच्या जुन्या गोष्टी पुन्हा छापल्या जायच्या. नाव तेच ठेवून त्यात आफ्रिकेचा राजा आणून बसवला. मासिकाचं नाव 'जंगल' आणि नायक शास्त्रज्ञ राजा, ही विसंगती कंपनीला टोचली नाही. पण मॅकग्रेगरने कथा पूर्ण वकांडात ठेवली. जवळजवळ सगळी पात्रं काळी. यात गोरे लोक कुठे आहेत, अशी विचारणा कार्यालयातून व्हायची, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे. बिली ग्रॅहम या कृष्णवर्णीय चित्रकाराने यातले बरेच अंक काढले. ग्रॅहमची पानं पाहताना जाणवतं की हा माणूस त्या शरीरांना ओळखतो. दुखापत झालेला, दमलेला, काट्यांत अडकलेला नायक इतका माणसासारखा फार कमी कॉमिक्समध्ये दिसतो.

नंतर १९७६ मध्ये मॅकग्रेगरने नायकाला थेट अमेरिकेच्या दक्षिणेत नेलं, कु क्लक्स क्लॅनसमोर. एका अंकात पँथरला जळत्या क्रूसाला बांधलेलं आहे. ही कथा पूर्ण झाली नाही. नोव्हेंबर १९७६ मध्ये २४ व्या अंकावर मासिक बंद पडलं. खप कमी होता, हे कारण खरंच असेल. तरी एवढं लक्षात ठेवा : नायक स्वप्नातल्या देशात लढत होता तोवर त्याला दोन वर्षं आणि तेरा अंक मिळाले, आणि आपल्या देशातल्या खऱ्या खुन्यांशी लढायला गेला तेव्हा सहा अंकांत गोष्ट अर्धवट सुटली. आपल्याकडच्या सिनेमाचा अनुभव यापेक्षा वेगळा आहे का?

त्या पुढच्या कॉमिक्सपैकी टा-नेहिसी कोट्सने २०१६ पासून लिहिलेली मालिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वाचायला ती जड आहे, मध्ये मध्ये रेंगाळते, मारामारी पाहायला आलेला वाचक कंटाळतो. मीही दोनदा बाजूला ठेवली. पण कोट्सने असा प्रश्न विचारला जो पन्नास वर्षांत कुणी विचारला नव्हता. इतक्या प्रगत देशात राजा कशाला हवा? तिथली प्रजा राजाविरुद्ध उठते, स्त्री-सैनिक बंड करतात, आणि अखेर राजाला राज्यघटनेच्या वाटेला लागावं लागतं. चांगल्या राजाचं राज्यही राजाचंच, हे बाबासाहेबांच्या वाचकाला नवं नाही. पण सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये ते वाचताना मजा येते.

आता २०१८ चा सिनेमा. रायन कूगलर मला आवडतो. त्याचा 'फ्रूटवेल स्टेशन' ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे की ओकलंडमध्ये पोलिसाच्या गोळीने मेलेल्या तरुणाची गोष्ट त्याने किती संयमाने सांगितली. 'ब्लॅक पँथर'मध्ये रूथ कार्टरची वेशभूषा आणि हॅना बीचलरचं कलादिग्दर्शन यांना ऑस्कर मिळालं. त्या दोन्ही पुरस्कारांत कृष्णवर्णीय स्त्रीचं नाव त्याआधी कधी आलं नव्हतं. पडद्यावरचा प्रत्येक मणी, प्रत्येक केशरचना कुणीतरी आपुलकीने अभ्यासून केली आहे. हे मोठं काम आहे, आणि ते पाहून डोळ्यांत पाणी आलं म्हणणाऱ्याला मी हसणार नाही.

पण गोष्ट नीट बघा. सिनेमा सुरू होतो ओकलंडमध्ये, १९९२ सालात. ओकलंड का, हे कूगलरला पक्कं ठाऊक आहे. तो त्याच भागातला आहे. तिथल्या एका खोलीत वकांडाचा राजपुत्र राहतो. जगभरातल्या काळ्या लोकांना शस्त्रं द्यावीत असं त्याला वाटतं, म्हणून त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे राजा, त्याला मारतो. त्याचं पोर मागे राहतं, आणि मोठं होऊन किलमंगर बनतं. ओकलंडच्या गल्लीत वाढलेला, राजाला जाब विचारणारा, श्रीमंत काळ्या देशाने दोनशे वर्षं गप्प का बसावं असं विचारणारा हा तरुण सिनेमाचा खलनायक आहे. आणि त्याची शस्त्रांची विमानं पाडून जग वाचवणारा चांगला गोरा माणूस कोण? सीआयएचा अधिकारी!

इथे मी थांबतो, कारण इथे खरा इतिहास उलटा केला आहे. ओकलंडच्या पँथर्सना कुणी संपवलं? १९६९ मध्ये एफबीआयचा प्रमुख हूव्हर याने ब्लॅक पँथर पार्टी हा देशाच्या अंतर्गत सुरक्षेला सर्वांत मोठा धोका असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जानेवारीत पँथर्सनी ओकलंडच्या एका चर्चमध्ये मुलांना शाळेआधी फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली होती, आणि तो उपक्रम शहराशहरांत पसरत होता. भुकेल्या पोराला सकाळी खायला घालणं हा धोका कसा होतो, हे ज्यांनी कुणासाठी वस्तीत पंगत मांडली असेल त्यांना कळेल. पोराला खायला घालणाऱ्याचं आईबाप ऐकतात.

आणि इथेच एक कॉमिक येतं, तेही ऐकून ठेवा. पोलिसांना डुकरांच्या रूपात मारताना दाखवणारं मुलांसाठीचं एक रंगवायचं पुस्तक पक्षातल्या कुणीतरी काढलं होतं. नेतृत्वाने ते नाकारलं. तेच पुस्तक एफबीआयने पँथर्सच्या नावाने वाटलं, नाश्त्याला मदत करणाऱ्या दुकानदारांना आणि चर्चना पाठवलं, मदत बंद पडावी म्हणून. सिनेटच्या चर्च समितीच्या चौकशीत हे बाहेर आलं. चित्रांची ताकद सरकारला आपल्यापेक्षा आधी कळते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. पँथर्सची स्वतःची चित्रं एमरी डग्लस काढायचा. पक्षाच्या वर्तमानपत्राचं मागचं पान त्याचं असायचं, आणि ते पान फाडून लोक भिंतीवर लावायचे. जाड काळ्या रेषा, दोन-तीन रंग, हातात पोर घेतलेली आई. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्याला तेवढं पान पुरायचं. वकांडाचा राजा त्या भिंतीवर कधी गेला नाही.

ज्यांना खरा पँथर पाहायचा आहे त्यांनी शाका किंगचा 'जुडास अँड द ब्लॅक मसीहा' (२०२१) पाहावा. शिकागोचा फ्रेड हॅम्प्टन यात डॅनियल कालुयाने केला आहे. हाच नट वकांडाच्या सिनेमातही आहे, राजाच्या मित्राच्या भूमिकेत. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी हॅम्प्टनच्या घरावर छापा घातला आणि झोपेतच त्याला मारलं. मार्क क्लार्क हा दुसरा कार्यकर्ताही तिथे मेला. पोलिसांच्या नव्वदच्या आसपास गोळ्या आणि पँथर्सची फार तर एक. घराचा नकाशा दिला होता विल्यम ओनील या खबऱ्याने, जो पक्षात सुरक्षेचं काम बघायचा. सिनेमाचा वेग, भाषणाचे प्रसंग, खबऱ्याच्या तोंडावरची भीती, सगळं जमलं आहे. माझी तक्रार वयाची आहे. हॅम्प्टन मेला तेव्हा २१ वर्षांचा होता, आणि ओनीलला खबरी बनवलं तेव्हा तो त्याहूनही लहान. पडद्यावर दोघेही तिशीच्या आसपासचे दिसतात. त्यामुळे ही पोरं होती, हे प्रेक्षकाच्या अंगावर येत नाही. राज्यसंस्थेने एका पोराच्या हातून दुसऱ्या पोराला मारलं, ही खरी गोष्ट आहे.

हॅम्प्टनने गरीब गोऱ्यांच्या आणि पोर्टोरिकन तरुणांच्या संघटनांना सोबत घेऊन आघाडी बांधली होती. दलित पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात अनुसूचित जाती, जमाती, नवबौद्ध, भूमिहीन, कष्टकरी आणि स्त्रिया यांना घेतलं, त्याच्याशी हे जुळवून बघा. दोघांनाही सर्वांत जड गेला तो हाच मुद्दा. एका जातीचा, एका वर्णाचा जमाव व्यवस्थेला चालतो. सगळे पिडलेले एकत्र येताहेत म्हटल्यावर गोळी येते. जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल झाली, आणि १० जानेवारीच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा पँथर मारला गेला.

अमेरिका आणि आपण, हा धागा पँथरपासून सुरू होत नाही, हेही इथे सांगून टाकतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली, आणि डू बॉइस यांनी उत्तरही दिलं. त्यांचा आपला परिचय मात्र बऱ्याच वेळा एकाच खिडकीतून झाला. १९५७ मध्ये 'मार्टिन ल्यूथर किंग अँड द माँटगोमेरी स्टोरी' नावाचं सोळा पानी कॉमिक निघालं, किंमत दहा सेंट. बसवरचा बहिष्कार कसा चालवला, शिवी आणि मार कसा सोसायचा, याचं ते शिक्षणच होतं. ते वाचलेल्या पिढीतल्या जॉन लुईसने पुढे खासदार झाल्यावर 'मार्च' ही तीन भागांची चित्रकथा केली, तिच्या तिसऱ्या भागाला २०१६ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. जरूर वाचा. पण त्या जुन्या कॉमिकमध्ये भारतातून पोहोचले ते फक्त गांधी. माँटगोमेरीच्या २८ वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला, हजारो माणसं महाडच्या तळ्याकडे शिस्तीत चालत गेली होती, त्याचा तिथे पत्ताच नाही. सांगणारं कुणी नव्हतं, आणि जे सांगत होते त्यांना सांगायचं नव्हतं.

आपल्याकडे तरी सांगितलं का? 'अमर चित्र कथा' १९६७ मध्ये सुरू झाली. देव, राजे, ऋषी, पतिव्रता यांचे ढीग लागले. त्यात राक्षस ओळखायला मजकूर वाचावा लागत नाही : काळा, जाडा, केसाळ असला की राक्षस. बाबासाहेबांवरचा अंक आला १९७९ मध्ये. म्हणजे बारा वर्षांनी, मराठवाड्यात नामांतराच्या प्रश्नावर घरं जळून गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. अंक वाईट नाही. कितीतरी घरांत बाबासाहेबांचं पहिलं पुस्तक तेच होतं. पण साचा तोच आहे. एका थोर माणसाचं चरित्र, चौकटी-चौकटींत कापलेलं, आणि बाकीचा समाज पाठीमागे गर्दी म्हणून उभा. त्या पानांवर अन्यायाला नाव असतं, पण अन्याय करणारा कोण, तो आज कुठे राहतो, हे नसतं.

हा साचा मोडला 'भीमायन'ने, २०११ मध्ये. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे मध्य प्रदेशातले परधान गोंड चित्रकार. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींवर ते उभं आहे. १९०१ मध्ये मसूर स्टेशनवर उतरलेली पोरं, दुप्पट भाडं घेऊनही त्यांच्या शेजारी बसायला तयार नसलेला गाडीवान, रात्रभर न मिळालेलं पाणी. बडोद्यातली पारशी खानावळ. चाळीसगावचा टांगा. व्याम पती-पत्नींनी चौकटी काढायलाच नकार दिला. माणसांना डब्यात कोंबायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी गोंड भिंतचित्रांतले नागमोडी पट्टे पानभर फिरतात. प्रेमळ बोलण्याचे फुगे पाखराच्या आकाराचे आणि जातीचं विष असलेल्या बोलण्याला विंचवाची नांगी! जात जिभेवर कशी असते, हे दाखवायला शंभर लेख लिहावे लागतात, तिथे एक नांगी पुरली. ही कल्पना आदिवासी चित्रकारांना सुचली, मुंबईच्या कुठल्या स्टुडिओला सुचली नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. माझा आक्षेप नावाला आहे. रामायणाच्या चालीवर 'भीमायन' कशाला? ज्याने 'रिडल्स' लिहिली त्याच्या गोष्टीला त्या साच्याची उसनवारी नको होती. त्याच वर्षी 'गुलामगिरी'वरची 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' आली, श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांची. तिथे काळ्या-पांढऱ्या रेषांत फुले हसतात, खिल्ली उडवतात. फुल्यांचा विनोद ज्यांना पेलत नाही त्यांच्यासाठी ती औषध आहे.

सिनेमाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आपल्यात बोलणं खूप झालं आहे. १९३६ मध्ये बाबासाहेबांना जातिनिर्मूलनाचं भाषण करू दिलं गेलं नाही, आणि त्याच वर्षी 'अछूत कन्या' गाजला, ज्यात अस्पृश्य मुलगी शेवटी रेल्वेखाली मरते आणि प्रेक्षक हळहळतो. १९५९ च्या 'सुजाता'त तिला आपलं मानायला रक्त द्यावं लागतं. धर्मांतर होऊन तीन वर्षं झाली होती, पण हिंदी सिनेमातल्या अस्पृश्य मुलीला त्याची खबर नव्हती. उलट आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले'च्या (१९५४) मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब हजर होते. आता २०२५ मध्ये 'फुले' सिनेमाची तारीख जोतीरावांच्या जयंतीवरून पुढे ढकलली गेली, आणि सेन्सॉर मंडळाने जातींची नावं आणि 'पेशवाई'सारखे शब्द बदलायला लावल्याच्या बातम्या आल्या. जात दाखवा, पण तिचं नाव घेऊ नका! हा तर १९६६ च्या मुखवट्याचाच प्रकार झाला.

नागराज मंजुळेचा 'फँड्री' आणि पा. रंजितचा 'काला' यांनी मात्र तो मुखवटा काढला. 'काला'मध्ये खलनायकाच्या घरी रामकथा चालू असते आणि धारावीत काळा नायक मरत असतो. रावण कोण आणि राम कोण, हा प्रश्न रजनीकांतच्या सिनेमात थिएटरभर विचारला गेला. 'झुंड'मध्ये अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडतो तेव्हा शिट्ट्या वाजल्या, मीही वाजवली. पण वस्तीतल्या पोरांना वाट दाखवणारा पुन्हा बाहेरून आलेला सरच आहे, हे घरी आल्यावर टोचत राहिलं. 'जय भीम'मध्येही वकील साहेब मध्यभागी. खरं तर त्या खटल्यातली झुंज एका कुरवर बाईची होती. सिनेमात तिचं पात्र आहे, ताकदीचं आहे, पण पोस्टरवर मोठा कोण, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

राहता राहिले आपले पँथर. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'सारखे माहितीपट आहेत, ज. वि. पवारांनी लिहिलेला इतिहास आहे, ढसाळांच्या कविता आहेत. पण सिद्धार्थ विहारच्या खोल्या, 'साधना'चा तो अंक हातोहात फिरताना, वरळीच्या बीडीडी चाळींच्या गॅलऱ्या, १० जानेवारीचा मोर्चा, हे चित्रांत आलं पाहिजे, आणि ते काढणारे हात आपल्या वस्त्यांत आहेत. चौदा एप्रिलच्या रांगोळ्या, भिंतींवरची बाबासाहेबांची चित्रं, मिरवणुकीतले देखावे कोण करतं? जे. जे.ला गेलेली आणि न गेलेली आपलीच पोरं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या रांगा लागतात, लोक उपाशी राहून पुस्तकं विकत घेतात. त्या रांगेत दहा रुपयांचं सोळा पानी कॉमिक ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. कुणी सुरुवात करत असेल तर पहिलं पान कुठलं घ्यायचं, याबद्दल माझा हट्ट एवढाच आहे की ते ढसाळ-ढालेंच्या चेहऱ्यांनी सुरू करू नका. भागवत जाधवपासून सुरू करा.

जय भीम!